लीलाधरभाऊ, उद्या विहिरीवर येताना

पोटभर खाऊन येऊ नको,
अन् घड्याळ घरीच ठेव.
रस्त्यात कोणी विचारलं तर सांग, केळीचं माप बघायला चाललो.
मीही पहिले आठ दिवस हेच सांगितलं.
आपल्या सावद्यात चोपन्न वर्षांच्या माणसाने
पोहायला शिकतो म्हणणं
म्हणजे पुन्हा बाशिंग बांधायला निघणं.

साडेसहाला ये. नऊनंतर
पायऱ्यांवर तळवा टेकवत नाही.
बोरोल्यांच्या मळ्यातली ही एवढीच विहीर उरली,
बाकीच्यांचं पाणी बोअरनी खाली ओढून नेलं.
हिच्यात अजून दोन पुरुष आहे.
पुरुष म्हणजे हात वर केलेला माणूस,
हे मला लहानपणापासून पाठ.
पण त्याने हात वर का केले असतील
हा विचार पहिल्या पायरीवर आला.

गुरू अकरा वर्षांची आहे.
जैतुन तडवी, राखणदाराची मुलगी.
फी रोज एक कुल्फी, तीही आगाऊ.
ती हसेल. हसू दे.
‘काका, तुमी पान्याले मारता कायले?
पान्यानं काय केलं तुमचं?’
याचं उत्तर मी अजून शोधतोय.

खांब घ्यायचा तो नवतीचा घे.
पिलबागेचा बारीक, ऐन वेळी कुशीवर फिरतो.
दोन हात लांब, टोकांना सुतळी, अन् बगलेत गच्च.
केळीचा चीक कपड्यावरून जन्मात निघत नाही,
म्हणून जुनंच काहीतरी घाल.
माझ्या बनियनवरचे डाग बघून घरी सगळं कळलं.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी पिशवीत टॉवेल होता
अन् कागदात गुंडाळलेली सुंठ.

पहिल्या दिवशी फक्त तोंड बुडव.
आत श्वास सोडायचा, घ्यायचा नाही.
सोपं वाटतं ना? करून बघ.
श्वास संपतो तिथे एक रिकामी जागा असते,
तिथे मुक्काम करू नको. वर ये. परत जा.
तिसऱ्या दिवशी मी चौथ्या पायरीवर बसून रडलो,
हे सोसायटीत सांगू नको.
जैतुन बकरी हाकायला गेली तेव्हा.
बकरी तर बांधलेली होती.

हातापायांचं मी सांगणार नाही, ते आपले आपण शिकतात.
मानेचं सांगतो.
मान ताठ ठेवलीस की पाय बुडाले समज.
तू म्हणशील, तीस वर्षं शिपाई आहे, मान वाकवणं मला काय अवघड.
ती मान वेगळी, भाऊ.
ही मागे टाकायची,
जिथे उशी नाही, भिंत नाही, तिथे.
कान पाण्यात गेले
की मोटारीची घरघर थेट पोटात ऐकू येते.

मी काट्यावरचा माणूस.
घड, दांडा, कट्टी, उन्हात सुकलेलं पाणी,
कोणाच्या बाजूला किती झुकतं ते मला डोळे मिटून कळतं.
माझं स्वतःचं एकोणनव्वद.
अकराव्या दिवशी, की बाराव्या,
पाठीखालचा तिचा हात कधी निघाला, मला कळलं नाही.
वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ,
त्यातून एक पोपट आडवा गेला,
अन् मी कुठल्याच पारड्यात नव्हतो.

मग कळलं, की हात नाही.
कळलं तसा बुडालो.
दोन घोट पाणी, एक नाकात.
तिने केस धरून ओढलं असतं, पण केस कुठे आहेत,
कान धरून काठाला आणलं.
‘सांगलं असतं तं बुडले असते आधीच,’ म्हणे.

तेवढा पोपट जाईपर्यंतचा वेळ.
त्यासाठी मी रोज जातो.

बाकीचं आल्यावर.
सुट्टे पैसे आण, कुल्फीवाला मोड देत नाही.
खांब मी कापून ठेवतो.
अन् परवावर ढकलू नको.
मी आलो तेव्हा सतरा पायऱ्या उघड्या होत्या,
आज सकाळी एकोणीस मोजल्या.